मुरुडची वाट

प्रवास लवकर संपावा असे वाटण्याचा हा काळ आहे. सकाळी पुण्याहून निघालेल्या माणसाला दुपारच्या पानावर कोकणच्या किनाऱ्यावर बसता येते, आणि तसे बसता आले नाही तर तो रस्त्याला दोष देतो. या घाईवर आमचा राग आहे असे नाही. ज्याला घाई असते त्याला तिचे कारणही असते. परंतु गेल्या माघात दापोली तालुक्यातील मुरूड या गावी जावयाचे ठरले, तेव्हा आम्ही मुद्दामच उलटा बेत केला. अंतर सुमारे दोनशे किलोमीटरांचे; त्याला आम्ही दोन दिवस दिले. मोटार घरची होती, सारथ्य पुतण्याकडे होते, आणि जेथे मन होईल तेथे थांबावयाचे असा पहिलाच ठराव झाला होता.

या बेताचे मूळ आमच्या थोरल्या वहिनींच्या मनात होते. वहिनींनी सत्तरी ओलांडली आहे. त्यांच्या वडिलांच्या आत्या अकराव्या वर्षी विधवा झाल्या आणि पुढे हिंगण्याच्या आश्रमात शिकून शिक्षिका झाल्या. भावाच्या पश्चात त्याची मुले त्यांनी आपल्या पगारावर वाढविली. त्या मुलांतले एक म्हणजे वहिनींचे वडील. त्या घरी धोंडो केशव कर्वे हे नाव देवाच्या नावाइतक्याच सहजपणे घेतले जाई. मुरूड हे कर्व्यांचे गाव. परंतु वहिनींच्या मनात त्या गावाविषयी भक्तीबरोबर एक अढीही होती. निघण्याच्या आदल्या रात्री त्या म्हणाल्या, “भाऊजी, ज्या गावाने अण्णांना घरात घेतले नाही ते गाव मला एकदा डोळ्यांनी पाहावयाचे आहे. समुद्र काय, कोठेही दिसतो.” तेव्हा आमची ही सहल वरून सहल असली तरी आतून तिला फिर्यादीचे रूप होते, हे वाचकांस आरंभीच सांगितलेले बरे.

कापूरहोळास सातारचा हमरस्ता सोडला आणि भोरची वाट धरली. भोर ही पंतसचिवांची राजधानी. १९४८ साली संस्थान विलीन झाले, तरी नदीकाठचा राजवाडा अजून गावाला एक प्रकारची अदब आणतो. पुढे नीरा-देवघर धरणाचे पाणी उजव्या-डाव्या हाताला दिसू लागते, आणि त्या पाण्याच्या कडेकडेने रस्ता वरंध घाटाच्या तोंडाशी येतो. घाटमाथ्यावर वाघजाईच्या देवळापाशी गरम भजी तळली जात होती. तेथे आम्ही तासभर बसलो. समोर कावळ्या किल्ल्याची सोंड, खाली धुक्यात बुडालेले शिवथरचे खोरे, आणि रामदासांच्या दासबोधाशी ज्या घळीचे नाव जोडले गेले आहे ती घळ त्याच खोऱ्यात.

या सह्याद्रीकडे पाहताना १८७५ सालची एक हकिकत आठवल्याशिवाय राहात नाही. कर्वे त्या वेळी सतरा वर्षांचे होते. सहावी इयत्ता संपली म्हणजे सरकारी नोकरीस लागणारी एक परीक्षा असे. ती उतरली की शाळामास्तरकी मिळण्याची वाट मोकळी होई, आणि गरीब घरच्या मुलाला एवढी वाट पुरे होती. परीक्षेचे ठिकाण सातारा. मुरुडाहून सातारा सुमारे एकशेदहा मैल. दिवस पावसाचे. काही सोबत्यांसह हा मुलगा पायी निघाला, ओढे व डोंगर ओलांडीत साताऱ्यास पोचला, आणि परीक्षा घेणारांसमोर उभा राहिला. त्यांनी त्याच्याकडे पाहिले आणि सतरा वर्षांचा हा दिसत नाही, एवढ्या कारणावरून त्याला परीक्षेस बसू दिले नाही. वय पुरे होते. अंगलट मात्र लहान होती. आल्या वाटेने परत जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. पुढल्या वर्षी तीच परीक्षा ते उतरले, मग इंग्रजी शिकले, आणि १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन पदवीधर झाले. परंतु त्यांच्या चरित्राचा नमुना आम्हांला त्या साताऱ्याच्या वाटेवरच दिसतो. अडथळ्याशी भांडण्यात त्यांनी कधी फारसा वेळ घालविला नाही. ते पुन्हा चालू लागत.

पुतण्याने घाटाच्या खाली बोट दाखवून विचारले, “काका, यात कोठून चालले असतील हो?” त्यांची वाट ही नव्हती, ती दक्षिणेकडची, असे आम्ही त्याला सांगितले, पण डोंगर हाच, आणि पाऊसही हाच. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि नंतर वळणावर त्याने मोटारीचा वेग आपण होऊनच कमी केला.

दुपारी बिरवाडी मागे टाकून महाडास पोचलो. मुक्काम तेथेच करावयाचा होता. महाड हे सावित्रीच्या काठचे जुने बंदर; रायगडाची बाजारपेठ म्हणून ते एके काळी गजबजलेले असे. पण आज महाडास जाणारा मनुष्य प्रथम चवदार तळ्यावर जातो, आणि तेच योग्य आहे. ऊन कलल्यावर आम्हीही तळ्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो.

या तळ्याचा इतिहास तारखांच्या क्रमाने वाचावा, म्हणजे त्यातील मर्म ध्यानी येते. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांस खुल्या कराव्यात असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलाने १९२३ साली संमत केला. महाडच्या नगरपालिकेने तदनुसार १९२४ साली हे तळे सर्वांस खुले असल्याचे ठरविले. म्हणजे कागदावर तळे मोकळे झाले. तरी प्रत्यक्षात त्यातले ओंजळभर पाणी कोणा अस्पृश्य माणसास घेता आले नाही. २० मार्च १९२७ या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह या पायऱ्या उतरले व पाणी प्याले. त्याच दिवशी परिषदेच्या लोकांवर मारहाण झाली, आणि मागाहून गावातल्या सनातन्यांनी पंचगव्याने तळ्याची शुद्धी केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात येथेच मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा वाद न्यायालयात गेला तो हायकोर्टात १९३७ साली अस्पृश्यांच्या बाजूने निकाली लागला. ठराव १९२३ चा, आणि निकाल १९३७ चा. मध्ये चौदा वर्षे गेली, आणि त्या चौदा वर्षांत लोकांस मार खावा लागला.

आपल्याकडे सुधारणेचा इतिहास लिहिताना कायद्याच्या तारखा ठळक अक्षरांत छापण्याची रीत आहे. कायदा झाला म्हणजे सुधारणा झाली, अशी मुलांची समजूत होते. चवदार तळ्यावर बसून विचार केला म्हणजे ती समजूत टिकत नाही. कायदा वाट मोकळी असल्याची पाटी लावतो. पण त्या वाटेने पहिल्याने कोणाला तरी जावे लागते, आणि जाणाराला किंमत पडते. ही किंमत कोणी भरली, किती भरली, याचा हिशेब कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. वहिनी बराच वेळ पाण्याकडे पाहात बसल्या होत्या. उठताना म्हणाल्या, “उद्या मुरुडास हेच विचारावयाचे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सावित्रीचा पूल ओलांडला. इंग्रजी अमदानीतला जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला व त्याबरोबर दोन एस. टी. गाड्यांतील माणसेही गेली. आज तेथे नवा पूल आहे, आणि गाड्या त्यावरून सुसाट जातात. तरी पुलावर येताच पुतण्यासारख्या तरुण मनुष्याचाही हात नकळत नमस्काराला गेला. पोलादपूरच्या पुढे कशेडीचा नवा बोगदा आहे. त्यातून गेल्यास पुष्कळ वेळ वाचतो. आम्हांला वेळ वाचवावयाचा नव्हता, म्हणून जुना घाट धरला. आंबे मोहरले होते, काजूला बोंडे धरू लागली होती, आणि वळणावळणावर पळस पेटल्यासारखा दिसत होता.

खेडहून दापोलीची वाट आत वळते. हा मुलूख दिसावयास गरीब. तांबडी माती, कातळ, आणि मधून मधून भाताची खाचरे. परंतु या एवढ्याशा टापूतून महाराष्ट्राला किती माणसे मिळाली ते पाहिले म्हणजे नवल वाटते. टिळकांचे मूळ गाव चिखलगाव याच तालुक्यात. साने गुरुजींचे जन्मगाव पालगड येथेच. बाबासाहेबांचे घराणे शेजारच्या मंडणगड तालुक्यातील आंबडव्याचे, आणि त्यांच्या बालपणीचे काही दिवस दापोलीत गेले. दापोली हे इंग्रजांनी वसविलेले लष्करी ठाणे, म्हणून जुनी माणसे त्यास अद्यापि ‘कॅम्प’ म्हणतात. १९७२ साली येथे कोकणचे कृषी विद्यापीठ झाले आणि गावाला नवे वळण लागले. पोट भरावयास जमीन अपुरी, म्हणून माणसे शाळेकडे, पलटणीकडे आणि मुंबईकडे गेली. आणि जी बाहेर गेली त्यांनी आपल्या गावाकडे नव्या नजरेने पाहिले. कोकणातील सुधारकांचे मूळ शोधावयाचे झाल्यास आम्ही ते येथे शोधू.

आसूदचा उतार संपला आणि माडापोफळींच्या शेंड्यांवरून समुद्राची निळी रेघ दिसली. दापोलीपासून तासाभराच्या आत मुरूड आले. उत्तरेस हर्णै, तेथल्या पाण्यातला सुवर्णदुर्ग १७५५ च्या एप्रिलात पेशवे व इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्र्यापासून घेतला. त्या किल्ल्याच्या मानाने मुरूड अगदी शांत. एका सिद्धपुरुषाने रान तोडून हे गाव वसविले अशी परंपरा आहे, आणि गावाची आखणी पाहिली म्हणजे वसविणारा मनुष्य विचारी असला पाहिजे असे वाटते. लांबवर सरळ गेलेला रस्ता, दोन्ही अंगांना घरे, प्रत्येक घरामागे आगर. मध्ये दुर्गादेवीचे देऊळ, आणि पलीकडे वाळूचा लांब पट्टा.

कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, आजोळी शेरवली येथला. पण बालपण सारे मुरुडचे. मुंबईस पोटापाण्याला गेल्यावरही त्यांचा जीव गावात होता. बाहेरगावी मिळविते झालेल्या मुरुडकरांकडून पैसा पैसा जमवून गावच्या शिक्षणादी कार्यास लावावा म्हणून ‘मुरूड फंड’ निघाला, त्यात ते पुढे होते. अशा या गावच्या लाडक्या मुलाची पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली वारली. त्याच वर्षी ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक झाले. पुन्हा लग्न करावयाचे तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी देवरुखच्या जोश्यांची कन्या गोदूबाई हिच्याशी विवाह केला. गोदूबाई लहानपणीच, लग्नानंतर थोड्याच महिन्यांत, विधवा झाल्या होत्या, आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात त्या शिकत होत्या. विवाहानंतर त्यांचे नाव आनंदीबाई ठेवले.

येथे पुन्हा तारखा पाहाव्यात. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालचा. म्हणजे नवरदेवाच्या जन्माच्याही दोन वर्षे आधीचा. कायद्याच्या दृष्टीने या विवाहात खोट नव्हती. तरी मुरुडच्या ब्रह्मवृंदाने सभा भरवून बहिष्काराचा ठराव केला. कर्व्यांशी पंक्तिव्यवहार बंद झाला, आणि जो त्यांस घरात घेईल त्याच्यावरही तीच पाळी येईल असे ठरले. हा दुसरा भाग पहिल्याहून कठोर होता. कर्वे पुण्यास होते. त्यांस नोकरी होती, मित्र होते, कार्य होते. गावात राहिली होती त्यांची वृद्ध आई आणि भाऊ. ज्या मुलाच्या शिक्षणासाठी त्या घराने ओढाताण सोसली तो घरी आला तर त्याला जेवावयास वाढणे हा गुन्हा ठरला. बहिष्काराचे शस्त्र असेच चालते. ज्याच्यावर रोख असतो त्याच्याहून त्याच्या माणसांस ते अधिक लागते.

कर्व्यांनी गावाला शिव्याशाप दिले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी विधवाविवाहास उत्तेजन देणारी मंडळी स्थापिली. परंतु केवळ विवाह हा उपाय पुरेसा नाही, विधवेला आपल्या पायांवर उभे राहता आले पाहिजे, हे त्यांच्या लवकरच ध्यानी आले, आणि १८९६ साली अनाथ बालिकाश्रम निघाला. १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्यास गेला; रावबहादुर गोखले यांनी दिलेल्या सहा एकर जागेवर पहिली झोपडी उभी राहिली. कर्वे दिवसा कॉलेजात शिकवीत आणि नंतर चार मैल पायी, चिखल तुडवीत, हिंगण्यास जात. साताऱ्याच्या वाटेवर जो मुलगा निघाला होता तोच हा. १९१६ साली महिला विद्यापीठ निघाले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी देऊन ते पायावर उभे केले. १९२९ साली सत्तरी ओलांडल्यावर कर्वे जगाच्या प्रवासास निघाले, तेही विद्यापीठासाठी वर्गणी मागावयास. १९५८ साली त्यांच्या शताब्दीस भारतरत्न ही पदवी त्यांस मिळाली, आणि हयात असताना ज्याचे चित्र टपालाच्या तिकिटावर आले असा पहिला भारतीय तेच ठरले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते वारले.

ही सारी हकिकत वहिनींस पाठ होती. आम्ही ज्या घरी उतरलो तेथील काकू त्यांच्याच वयाच्या. रात्री कुळथाचे पिठले, तांदळाची भाकरी आणि सोलकढी असे जेवण झाल्यावर आम्ही सारे ओटीवर बसलो असता वहिनींनी आपला प्रश्न सरळच विचारला. तुमच्या गावाने असे का केले? काकू रागावल्या नाहीत. थोडा वेळ त्या समोरच्या खळ्याकडे पाहात राहिल्या, आणि मग म्हणाल्या, “अहो, आमच्या घरात एक सोवळ्या आजी होत्या असे सासूबाई सांगत. नवव्या वर्षापासून म्हातारपणापर्यंत त्या याच घरात राबल्या, पण दिवसाउजेडी या ओटीवर कधी आल्या नाहीत. मागीलदार, विहीर आणि आगर, एवढेच त्यांचे जग. गावाने कर्व्यांना बाहेर ठेवले हे तुम्ही म्हणता, ते खरे. पण त्या आजींना तर आम्ही घरातच ठेवून बाहेर ठेवले होते. त्यांचे नावसुद्धा मला ठाऊक नाही.”

यावर बोलण्यासारखे काही उरले नाही. आमची फिर्याद एका गावाविरुद्ध होती. काकूंनी ती घराघरांत आणून ठेवली. वहिनींच्या आत्यांना हिंगण्याची वाट सापडली म्हणून त्यांचे नाव आमच्या घरी राहिले. ज्यांना ती सापडली नाही अशा किती जणी कोकणातल्या व देशावरच्या वाड्यांच्या मागीलदारी दिवस काढून गेल्या! त्यांना बाहेर ठेवणारी माणसे दुष्ट होती असे म्हणून आपली सुटका होत नाही. ती आपलीच पणजी-पणजोबा होती, नेमाने देवपूजा करीत होती, दारी आलेल्या अतिथीस विन्मुख पाठवीत नव्हती. रूढी चालते ती चांगल्या माणसांच्या आधारावर. म्हणूनच ती मोडावयास इतके कष्ट पडतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावातील कर्व्यांच्या स्मारकास गेलो. ज्या गावाने त्यांस वाळीत टाकले तेच आज त्यांच्या नावाने ओळखले जाते, आणि गावकऱ्यांस त्याचा अभिमान आहे. हा अभिमान खोटा आहे असे आम्हांस वाटले नाही. मात्र स्मारकाने एक धोका निर्माण होतो. पुतळा पाहून परतणाऱ्या मनुष्यास वाटते की हा थोर पुरुष पहिल्यापासून वंदनीयच असला पाहिजे. १८९३ चा ठराव त्याच्या दृष्टीआड होतो. या गावाने आपल्या शाळांतील मुलांस कर्व्यांच्या कीर्तीबरोबर तो ठरावही सांगावा, असे आमचे नम्र मत आहे. त्यात गावाची अप्रतिष्ठा नाही. आपली चूक तारीखवार सांगणारे गाव अधिकच आदरणीय ठरेल. आणखी एक गोष्ट सांगावी. कर्व्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव यांचा जन्म १८८२ साली याच मुरुडात झाला. संततिनियमनाचा पुरस्कार करणारे ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी १९२७ पासून १९५३ साली मरेपर्यंत चालविले, आणि आयुष्यभर उपेक्षा व खटले सोसले. त्यांचा गौरव करावयास आपणांस बापाच्या गौरवाहून अधिक वेळ लागला. म्हणजे वाळीत टाकण्याची सवय एकट्या मुरुडची नव्हती, आणि एका पिढीत ती संपलीही नाही.

वहिनींनी पिशवीतून आणलेली सोनचाफ्याची फुले पुतळ्यापुढे ठेविली. पण सगळी ठेविली नाहीत. काही हातात राखली. आम्ही कारण विचारले, तेव्हा म्हणाल्या, “भाऊजी, अण्णांना पुष्कळ मिळाले. ज्या आईला मुलगा दारात आला असता पान मांडता आले नाही, तिच्यासाठी ही.” आईचे स्मारक कोठे नव्हते. मग आम्ही सारे वाळूवर गेलो. ओहोटी होती. समुद्र लांब गेला होता, आणि त्या मोकळ्या वाळूत मुले क्रिकेट खेळत होती. वहिनी पाण्यापर्यंत सावकाश चालत गेल्या, फुले सोडली, आणि तितक्याच सावकाश परत आल्या.

परतीच्या वाटेवर पुतण्याने विचारले, की बोगद्याने जावयाचे की घाटाने. आम्ही काही बोलण्यापूर्वीच वहिनी म्हणाल्या, “घाटानेच जाऊ या. घाई काय आहे?”